रुख्मानं सांगितलेला मद्राशी खेळ

हिरोईनीला नाव नव्हतं. म्हणजे असणारच, पण ते मद्राशी नाव रुख्माच्या जिभेवर दोनदा चढलं आणि दोनदा घसरलं, तेव्हा तिनं सरळ त्या बाईचं नाव मोगरा ठेवून टाकलं. कारण खेळ सुरू झाल्यापासून संपेपर्यंत तिच्या वेणीत गजरा होता, आणि ती नदीत पडली तरी तो काही सुटला नाही.

"नदीत काहून पडली वं?" मोतीबाईनं विचारलं. शेजारची ही मोतीबाई आपल्या चुलीवरची डाळ तशीच टाकून आली होती.

"सांगतो ना. आधी हिरोचं आयका."

ओसरीवर लाल मिरच्यांचा ढीग पडला होता. उद्या तुळसाला कुंकू लागायचं, सोयरीक पक्की व्हायची, घरात पाहुणे यायचे, म्हणून माय, आत्या आणि मोतीबाई मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या आणि आळीपाळीनं शिंकत होत्या. रुख्माच्या मोठ्या बहिणीला, तुळसाला, मिरच्यांना हात लावू दिला नव्हता. उद्याची नवरी ती. डोळे लाल व्हायला नकोत. ती खांबाला टेकून नुसती बसली होती आणि आपण ऐकतच नाही असं दाखवत होती.

रुख्मा मात्र उभी होती. बसून गोष्ट सांगणं तिला आता जमतच नसे. मागल्या महिन्यात शाळेत इन्स्पेक्टर साहेब आले, सातवीतून तिलाच पुढं काढलं, आणि तिनं अख्खी कविता न अडखळता म्हटली. साहेबांनी चष्मा काढून तिच्याकडं पाहिलं होतं. तेव्हापासून रुख्माला वाटायला लागलं होतं की आपल्याला सगळं समजतं, आणि जे समजत नाही तेही बोलता बोलता समजत जातं.

मंगरूळपीरला दर्ग्याच्या उरुसात यंदा टॉकीचा तंबू आला होता. येणार होता हिंदी खेळ, देवादिकांचा. पण वाटेत कुठं तरी पेट्या बदलल्या आणि डबे उघडले तर आत निघाला मद्रासचा. पडद्यावर अक्षरं आली ती सगळी कडबोळी. लोक ओरडायला लागले तेव्हा तंबूवाला कंदील घेऊन पडद्यापुढं उभा राहिला आणि म्हणाला, बोली मद्राशी आहे, पण रडणं सगळ्यांना समजतं, बसून घ्या. लोक बसले. काल रात्री मारोतकाकांनी दोघी पुतण्यांना तिकडं नेलं होतं, आणि आत्याचा मुलगा शालिग्रामही बरोबर होता. बाया एका बाजूला, गडीमाणसं दुसऱ्या बाजूला, मधे कनात. त्या कनातीला एक फट होती आणि तुळसानं अर्धा खेळ त्या फटीतून पाहिला होता. पडदा त्या बाजूला नव्हता. रुख्माला हे ठाऊक होतं, आणि ते न सांगण्याइतकी ती शहाणी होती.

"तं हिरो," रुख्मा म्हणाली. "दिसाले गोरा. केस कुरळे. आवाज असा का तंबूचा खांब हालला पाह्यजे. पन त्याले चालता येत नाही."

"लंगडा हाये?" आत्यानं विचारलं.

"लंगडा नाही वं आत्या. पाय धड आहेत. पन मोगराजवळ येते तं असा येते, जसा मांगून कोनी ढकलून राह्यलं." तिनं चालून दाखवलं. माय पदराआड हसली. "अन् गानं म्हनतानी हात कुठी ठेवाव हे त्याले समजत नाही. घटकाभर झाडावर ठेवते, घटकाभर छातीवर. एकदा तं बैलाच्या पाठीवर ठेवला, अन् बैलच निंगून गेला."

"गाने लय आहेत?"

"गानेच आहेत. मधामधात खेळ आहे. भांडन झालं, गानं. ताप आला, गानं. म्हातारा मेला तं वाटलं आता तरी नाही म्हननार; त्याच्या उशाशी बसून म्हटलं."

मोतीबाई हसता हसता शिंकली. आत्यासुद्धा हसली. सोजरआत्या सहसा हसत नसे. केनवडला तिचं मोठं घर, चार बैलजोड्या, आणि चेहरा सदा हिशेबात असल्यासारखा. पण भावाची लेक सून म्हणून न्यायची ठरल्यापासून, या चार दिवसांत, ती दोनदा हसलेली रुख्मानं पाहिली होती. हे तिसऱ्यांदा. रुख्माच्या अंगात वारंच शिरलं.

"पन मोगरा," तिनं आवाज खाली आणला. "मोगरा रडते तं डोयातून पानी नंतर येते. आधी ती गियते. असं." तिनं गिळून दाखवलं. ओसरीवरच्या सगळ्या जणींनी नकळत गिळलं. "बाकीच्या बाया रडतात तं छाती बडवतात. हे काहीच करत नाही. नुसती गियते, अन् समोरच्यानं बोलाव म्हनून वाट पाहाते. मले तं वाटलं, उठाव अन् तिले पानी द्याव. अन् त्या हिरोची माय. दोनदाच आली ते पडद्यावर. एकदा चूल फुंकली अन् वर मान करून पोराकडं पाह्यलं. बस. एक शब्द नाही. सगळ्या खेळात तेच भारी. तिनं पोराकडं असं पाह्यलं, जसं त्याले कोनी तरी नेऊन राह्यलं अन् हिले आधीच मालूम आहे."

"मायच ते," आत्या म्हणाली आणि मिरचीचा देठ खुडला.

"अन् एक काका होता हिरोचा, खलनायक. त्याले काही करता येत नाही, पन भात असा खाल्ला का मले भूक लागली. पार कोपरापर्यंत. तो जेवून राह्यला तं दोघं प्रेमाचं काय बोलले ते कोनी पाह्यलंच नाही."

"पन नदीत काहून पडली?" मोतीबाईनं पुन्हा विचारलं.

"तेच सांगतो. त्याच्या आधी दरवाजा आहे." रुख्मा ओसरीवरून मागं सरकली आणि माजघराच्या दारात जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला लावले. "हिरो पेटी घेऊन उभा. मोगराचा बाप मांग उभा. सगळं चूप. डायनामोची घरघर तेवढी. अन् ती अशी दारात येते, हात असे लावते, गियते, अन् मंग बापाकडं पाहून म्हनते, साफ म्हनते, मी मायाच कानानं आयकलं. पोरगा येडा. एकदा नाही, तीनदा. पोरगा येडा, पोरगा येडा. सगळा तंबू हसला. तवा समजलं का आपली बोली अन् मद्राशी बोली सख्ख्या बहिनी आहेत."

कोणी हसलं नाही.

रुख्माला वाटलं, समजलं नसेल. म्हणून ती आणखी पुढं गेली. "म्हनजे पोरगा येडा असते, अन् तिच्या बापानं ते लपवून ठेवलं असते. घरदार पाह्यलं, वावर पाह्यलं, सोयरीक करून टाकली. म्हनून ते नदीत—"

मायचा हात मिरचीवर तसाच राहिला होता. मोतीबाईचाही. मोतीबाई आत्याकडं पाहत होती, आणि आपण पाहतोय हे लक्षात येताच तिनं मान फिरवली. खांबाजवळ तुळसाचं तोंड पांढरं पडलं होतं.

आत्यानं सूप बाजूला सारलं. हात पदराला पुसले, सावकाश, एकेक बोट. मग उठली.

"शालिग्रामले बलावा," ती म्हणाली. "बैल जुपाले सांगा."

*

स्वयंपाकघरात मायनं रुख्माचा दंड धरला तो दुखेल असा.

"कोनं सांगतलं तुले हे बोलाले?"

"कोनं सांगाव? खेळात होतं. माय, खरंच होतं."

"दोन घरची सोयरीक मोडली शालिग्रामची," माय दबक्या आवाजात म्हणाली. "दोन. ह्याच एका शब्दावरून. हे तिसरी. अन् ते मायाच पोटच्या पोरीनं बोलाव."

तेव्हा कुठं रुख्माच्या डोक्यात सगळं येऊन बसलं, आणि बसलं ते पाय पसरून. तिला ठाऊक नव्हतं असं नव्हतं. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ज्या गोष्टीवर घरात कोणी बोलत नाही ती गोष्ट ठाऊक असूनही हाताशी नसते. शालिग्राम बारा वर्षांचा असताना वावरात त्याच्या थोरल्या भावाला पान लागलं, साप चावला. दोघंच होते तिथं. धाकट्यानं थोरल्याला पाठीवर घेऊन गावापर्यंत आणलं आणि आणून खाली ठेवलं, ते ठेवलं; त्यानंतर तो बोलायचा थांबला. अख्खा पावसाळा बोलला नाही. केनवडच्या पोरांनी त्याचं नाव येडा पाडलं. आत्या त्याला मंगरूळपीरला दर्ग्यावर घेऊन आली, इथंच भावाच्या घरी राहिली, आणि दिवाळीच्या सुमारास एका सकाळी त्यानं भाकर मागितली. झालं एवढंच. पण गावाला एवढं पुरतं.

आणि काल तंबू हसला तेव्हा शालिग्राम कनातीच्या पलीकडं होता. रुख्माला आता आठवलं, परत येताना तो सगळ्यांच्या मागं चालत होता.

"तुयसाबाई काय म्हनन?" तिच्या तोंडून निघालं.

मायनं दंड सोडला. "तिले विचारलं कोनं? तिच्या बापानं ठरवलं, तिच्या आत्यानं मागितलं."

पण रुख्माला ठाऊक होतं. दोघी एकाच वाकळेत झोपत. चार दिवसांपासून तुळसा झोपेतसुद्धा कूस बदलताना हळूच बदलत होती, जसं काही अंगावर भरलेलं भांडं ठेवलं आहे आणि ते सांडू द्यायचं नाही. ते भांडं आता रुख्मानं ओसरीवर सगळ्यांदेखत उपडं केलं होतं.

माजघराच्या अंधारात तुळसा उभी होती. रुख्मा तिच्याजवळ गेली.

"बाई, मी—"

"तुयं गियनं चांगलं जमलं," तुळसा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "जाय. भाईर काय चाललं ते पाय."

*

बाहेर अंगणात गाडी जुंपलेली होती. सोजरआत्या तीत चढून बसली होती, घराकडं पाठ करून. शालिग्राम बैलांच्या तोंडाशी उभा होता, कासरा हातात, आणि कोणाकडंच पाहत नव्हता. उंचपुरा, उन्हानं रापलेला, मिशा अजून धड न फुटलेल्या. गाडीच्या चाकाशी बाबा.

बबनराव घरचे थोरले. चार गावांच्या पंचायतीत बसायचे, पण बहिणीपुढं त्यांचं पंचपण कधी टिकत नसे.

"सोजर, उतर खाली."

"उतराले कोनतं तोंड घेऊ?"

"लेकराचं बोलनं ते. शायेत जाते तं तोंड चालते. उद्या कुंकू आहे, अन् आज तू गाडीत बसली. लोक काय म्हनतीन?"

"लोक म्हनत नाहीत दादा. लोक आधीच म्हनून मोकळे झाले. मले वाटलं, हे घर तेवढं राह्यलं."

रुख्मा ओसरीच्या पायरीवर थांबली. पुढं जावं की मागं, कळेना. तेवढ्यात मारोतकाका वावरातून आले. खांद्यावर पंचा, पायात अजून ते फौजेतले बूट. लढाई संपून वर्ष झालं होतं, काका पलटणीतून सुटून घरी आले होते, पण बूट काही सुटले नव्हते. बोलणं मुळातच कमी. आल्यापासून अजून कमी. जुंपलेली गाडी पाहिली, बाबांचं तोंड पाहिलं, आणि रुख्माकडं वळून म्हणाले, "काय झालं?"

रुख्मानं सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं, ते अर्ध्यापर्यंतच जमलं.

"काय म्हनली ती बाई?" काकांनी विचारलं. "जशी म्हनली तसंच म्हन. तुया मनचं नको मियवू."

"पोरगा येडा."

"नाही. कान लावून आठव. तू तं पाठ म्हनते ना सगळं."

रुख्मानं डोळे मिटले. पडदा आणला. दार, चौकट, डायनामोची घरघर, मोगराचा गळा. शब्द तिच्या कानात होता. फक्त तिनं त्याला घरी आणता आणता धुऊन पुसून आपल्यासारखा केला होता. आता तो तसाच, मळका, बाहेर काढला.

"पोग वेंडा," ती म्हणाली. "पोग वेंडाम. असं काही तरी."

मारोतकाका हसले. घरी आल्यापासून पहिल्यांदाच, आणि तेही अशा वेळी, म्हणून बाबांनी त्यांच्याकडं रागानं पाहिलं.

"दादा, मी दोन सालं मद्रासकडं छावनीत होतो. आमच्या लंगरचा सैपाकी तिकडचा. त्याची बायको रोज फाटकावर येऊन त्याले हेच म्हने. पोग वेंडाम. म्हनजे जाऊ नको." ते गाडीजवळ गेले. "सोजर, आयकलं का? ती पोरगी बापाले नाही, नवऱ्याले म्हनून राह्यली. जाऊ नको म्हनते. पोरगा बी नाही त्याच्यात, अन् येडा बी नाही."

"पन ते पाहात तं बापाकडं होती," रुख्मा पुटपुटली.

"बाप मधात उभा होता म्हनून," काका म्हणाले. "लाजते मानूस."

रुख्माला वाटलं, सुटलो. अंगणभर वारा आल्यासारखं झालं. मोतीबाई भिंतीपलीकडून डोकावत होती, तिनंही मोठ्यानं "घ्या बाई" म्हटलं. बाबांनी बैलांचं जू सोडायला हात पुढं केला.

"हात नका लावू," आत्या म्हणाली.

बाबा थांबले.

"शब्द मद्राशी असो का मोगलाई," आत्या अजूनही पाठ करूनच बोलत होती. "मले या पोट्टीचा राग नाही. तिच्या मनात काही असतं तं ते इतक्या मजेत बोलली नसती. पन ते बोलली तवा तुमच्या बायकोचा हात मिरचीवर थांबला. त्या मोतीचा थांबला. मी डोयानं पाह्यलं. मनात काही नसतं तं खुडत राह्यल्या असत्या, हसल्या असत्या. चूप काहून बसल्या?"

कोणी उत्तर दिलं नाही. आणि उत्तर न देण्यानं आत्याचंच म्हणणं खरं होत होतं. रुख्माला ते दिसत होतं आणि काय करावं ते सुचत नव्हतं. माय दारात उभी होती, पदर तोंडाला लावून. बोल ना माय, रुख्मा मनात म्हणत होती. काहीही बोल.

बोलले ते बाबा, आणि नको ते.

"अवं सोजर, आमी तं सगळं माहीत असून पोरगी देऊन राह्यलो."

आत्यानं मान वळवली. आता तिचा चेहरा दिसला, आणि तो रागाचा नव्हता, त्याहून वाईट होता. काकांनी डोळे मिटून घेतले. बाबांना आपलं काय चुकलं ते अजून उमगलं नव्हतं. ते बिचारे चांगलं तेच बोललो असं समजून उभे होते.

"काय माहीत असून, मामा?"

हा आवाज शालिग्रामचा होता. चार दिवसांत रुख्मानं तो क्वचितच ऐकला होता.

"आता ते कायले काढतं," बाबा म्हणाले.

"नाही, सांगा. तुमाले माहीत हाये, मामीले माहीत हाये, मोतीबाईले माहीत हाये." त्यानं कासरा हाताभोवती गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. "तिले सांगतलं का कोनी?"

बाबा मायकडं पाहायला लागले, माय बाबांकडं. तुळसानं कानावर आलं तेवढंच ऐकलं होतं; तिला समोर बसवून कोणी काही सांगितलं नव्हतं. सांगायचं असतं हेच कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

"तं मी सांगतो," शालिग्राम म्हणाला. तो घराकडं पाहत नव्हता, बैलाच्या शिंगाकडं पाहत होता. "भाऊ गेला तवा मी बोलत नव्हतो. मले बोलता येत होतं. तोंड उघडलं का त्याचंच नाव येईन, अन् मायसमोर ते नाव घ्यावं वाटत नव्हतं. म्हनून तोंडच नाही उघडलं. मंग दिवस गेले तसं कुठून सुरू कराव ते समजे ना. लोकायनं येडा म्हटलं. म्हनू द्या. काल तंबूतही मले वाटलं, मलेच म्हनून राह्यले. एवढंच आहे. तिले सांगा, अन् मंग ठरवा."

आत्या गाडीत ताठ बसली होती, पण तिचा गळा हलला. रुख्मानं ते पाहिलं. तिला पडद्यावरची ती चूल फुंकणारी बाई आठवली, आणि एकाएकी आपण काल रात्री काय पाहत होतो आणि आज काय सांगत होतो याचीच तिला भीती वाटली.

माजघरातून बांगड्या वाजल्या. तुळसा बाहेर आली. डोक्यावर पदर, नजर खाली. नेमलेल्या नवऱ्यापुढं लग्नाआधी असं कोणी येत नसे. मायनं तिला अडवायला हात केला, पण ती हाताखालून निघून आली. ती शालिग्रामकडं गेली नाही. गाडीच्या मागच्या बाजूला, आत्याच्या जवळ जाऊन उभी राहिली.

"आत्या," ती म्हणाली. "त्यायले विचार, ते चूप होनं आता बी येते का?"

आत्यानं तिच्याकडं पाहिलं, मग पोराकडं. जन्मभर दुसऱ्यांना जाब विचारत आलेली ती बाई; आज तिलाच कोणी निरोप्या केलं होतं.

"आयकलं ना," ती शालिग्रामला म्हणाली. "सांग."

"माय, तिले सांग, येते. पावसाचं पानी लागलं का चार दिवस येते. बोलनं होत नाही. काम होते, जेवन होते. मारझोड, आरडाओरडा कधी नाही. मंग आपोआप जाते."

बाबांनी कपाळाला हात लावला. पोरगं स्वतःच्याच तोंडानं सोयरीक मोडून राह्यलं, असं त्यांना वाटलं असणार. तुळसा विचार करत होती, आणि ती खरंच विचार करत होती. भुवया जवळ आल्या होत्या, कुडत्याला किती कापड लागेल याचा अंदाज घेताना येतात तशा.

"आत्या, त्यायले सांग," ती म्हणाली, "या घरात मी सतरा सालं काढली. काका सोडले तं इथं चूप बसनारं मानूस एक बी नाही. सकाळी उठल्यापासून मायी बहीन, बहीन थांबली का माय, माय थांबली का बाबा. चार दिवस कोनी बोललं नाही तं मी झोपीन तरी. पन मले आधी सांगत जावं. आता चार दिवस बोलनार नाही म्हनून हातानं दाखवलं तरी चालन. मले वाटू नये का माया काही चुकलं म्हनून."

शालिग्रामनं कासरा सोडून दिला. तो आईला निरोप द्यायचा विसरला आणि सरळच म्हणाला, "दाखवीन."

तुळसाचे कान लाल झाले. ती माघारी वळणार, तोच आत्यानं गाडीतून हात लांबवून तिचा पदर धरला.

"थांब."

आत्या खाली उतरली. उतरताना तिनं कोणाचा हात घेतला नाही. गाडीत मागं बाजाराची पिशवी होती, तिच्यातून तिनं एक नारळ काढला, एक हिरवा खण काढला, आणि पदराच्या गाठीतलं कुंकू.

"सोजर, मुहूर्त उद्याचा हाये," बाबा म्हणाले.

"उद्यापर्यंत तुमी अजून काही बोलसान दादा. मले भरवसा नाही." ती पायरीकडं वळली. "रुखमे, सुपात गहू आन. अन् तोंड मिटून आन."

रुख्मा धावली. कणगीतून गहू काढताना अर्धे खाली सांडले, आणि परत येताना ती उंबऱ्याला ठेचकाळली; तरी तोंडातून आवाज काढला नाही. मायनं पाट मांडला नव्हता, रांगोळी नव्हती, आरतीचं ताट नव्हतं. बैल जुंपलेलेच होते आणि शेपट्या हलवत उभे होते. गाडीच्या चाकाशी तुळसानं ओटीचा पदर पुढं धरला.

आत्यानं तिच्या कपाळाला कुंकू लावलं, आडवं, ठसठशीत. खण ठेवला, नारळ ठेवला. मग ओंजळीनं गहू घालायला लागली. पहिली ओंजळ. दुसरी. गहू पडताना जो बारीक आवाज होतो तेवढाच अंगणात होता. मोतीबाई भिंतीवर हनुवटी टेकून पाहत होती, काका बुटांकडं पाहत होते, बाबा घसा साफ करत होते पण शब्द काढायची हिंमत होत नव्हती.

शेवटची ओंजळ आत्यानं वरच धरून ठेवली आणि सगळ्यांकडं एकवार नजर फिरवली.

"पुन्हा चूप?" ती म्हणाली. "बोला ना कोनी तरी. लेकीले कुंकू लागलं या घरच्या."

मायला आधी हुंदका आला आणि मग शब्द, आणि तेवढ्यात बाबाही बोलले, मोतीबाई भिंतीवरून काही तरी ओरडली, काकांनी शालिग्रामला बैल सोडायला सांगितलं, शालिग्राम हो म्हणाला आणि जागचा हलला नाही. सगळे एकदम बोलत होते, कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं. रुख्मा तेवढी सूप छातीशी धरून उभी होती, ओठ घट्ट मिटून, आणि आत्यानं तिच्याकडं पाहून मान हलवेपर्यंत तिनं ते उघडले नाहीत.